डबा खाली कर

जुन्या गाडीचं दार जरासं अडकत होतं, एवढंच. अच्युतरावांनी हात दाखवून अवलक्षण केलं. आतलं आवरण उचकटताना कुलपाची दांडी धरून ठेवणारी क्लिप कट्‌कन तुटली. नखाएवढं प्लास्टिक, पण त्याच्यावाचून ड्रायव्हरचं दार मुळीच उघडेना.

भोपाळच्या जवाहर चौकातली सुट्या भागांची झाडून सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली. "अंकल, इस गाडी का अब कुछ नहीं आता," एवढंच सगळीकडून ऐकायला मिळालं.

मुलानं, तुषारनं, निकाल देऊन टाकला होता. "रविवारी अकराला भंगारवाला येतोय, बाबा. तोवर दार उघडलं तर गाडी तुमची." पिपलानीतल्या त्यांच्या अरुंद अंगणात सुनेला, शमिकाला, आपली नवी गाडी लावायची होती. अच्युतरावांना मात्र दवाखान्यात जायलाही कुणापुढे तोंड वेंगाडायचं नव्हतं. गाडी गेली की तेच नशिबी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते ते. क्लिपचे दोन्ही तुकडे त्यांनी चिकटवले, वर तांब्याची बारीक तार गुंडाळली आणि वाळायला डब्यात ठेवले. रविवारी सकाळी ओढून पाहिली. टिकली! गडी मनातून खूश झाला.

साडेदहाला ते पलीकडच्या दारानं गाडीत शिरले. आवरण काढलेल्या ड्रायव्हरच्या दारात मनगटापर्यंत हात घालून त्यांनी दांडी पकडली. आता ती सोडली असती तर आत पडली असती. डबा राहिला होता टपावर. बाहेर शमिका कपडे वाळत घालत होती.

"शमिका, टपावरचा तो डबा जरा खाली कर गं."

तिनं डबा उचलला. फाटकाशी कचऱ्याची गाडी उभी होती. ती तिकडे गेली, परत आली आणि खिडकीतून त्यांना डबा दाखवला.

"झाला खाली."

डबा लख्ख रिकामा होता. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावरून वळून गेलीही होती.

"अगं, खाली म्हणजे खाली! खाली घे म्हणालो मी!" अच्युतरावांचा आवाज चिरकला.

"अय्या! आमच्याकडे खाली म्हणजे रिकामा, बाबा. माहेरी सगळी हिंदीच ना. तुमची मराठी मला नाही कळत."

त्यांना रडू कोसळायचंच बाकी होतं. चाळीस वर्षं भोपाळात काढली आणि शब्द नेमका आज चुकावा, म्हणून ते स्वतःवरच चरफडले. तिला तरी काय बोलायचं? त्यांनी दांडी सोडून दिली. ती दाराच्या पोटात खळ्‌कन पडली.

फाटकाशी ट्रक येऊन थांबला. शमिकानं ओले हात पदराला पुसले आणि गच्चीकडे तोंड करून हाक मारली.

"तुषार, खाली ये रे पटकन! भंगारवाला आलाय."