पडल्याची घंटा

कुणी उंचावरून पडलं की कमरेच्या डबीतून बिनतारी इशारा जाऊन खाली घंटा वाजायची. गंगापूर रोडच्या अर्धवट इमारतीत साहेब पाहुण्यांना ते यंत्र दाखवणार होते. भागीबाईच्या नवऱ्याने, मंगळूने, चौथ्या मजल्यावरून डबी बांधलेलं वाळूचं पोतं लिफ्टच्या खड्ड्यात ढकलायचं होतं. डबी त्याच्याही कमरेला होती. धप्पकन आवाज झाला, घंटा वाजली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खड्ड्यापाशी विटा रचणारी भागीबाई डोकावली आणि साहेबांकडे धावली. "सायेब, पोतं नाय, माझा माणूस पडलाय. जिता हाय अजून." "हळू बोल. पाहुणे जाऊ दे," साहेब पुटपुटले. मुकादमाने तोंड दाबून तिला सिमेंटच्या खोलीत धरून ठेवलं. बाहेर कुणीतरी विचारलं, "मदत किती वेळात पोचते?" "लगेच," साहेब म्हणाले. तिला सोडलं तेव्हा चहापाणी उरकलं होतं आणि मंगळू गार पडला होता.