चटईवरच्या दोन जागा

“केळं दिलं का कुणी यांना?” डॉक्टरांनी विचारलं.

क्षितिजाने आईकडे पाहिलं. रंभाच्या पदराला अजून धुराचा आणि पिकल्या केळ्यांचा वास येत होता. पडद्यापलीकडे शत्रुघ्न मास्क लावून पडला होता. रक्तातलं पोटॅशियम वाढून त्याच्या हृदयाचे ठोके चुकत होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तो माणिकपूरला डायलिसिससाठी येत असे. केळं खायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुकेळी तर त्याहून वाईट. उन्हात केळ्यातलं पाणी निघून जातं, पोटॅशियम तिथंच राहतं.

“आई, खरं सांग. अंगणात सुकेळी घातलीस ना? तूच दिलीस बाबांना?”

रंभाला सकाळची चटई आठवली. सोललेली राजेळी केळी ओळीने मांडलेली, उन्हाने मधाच्या रंगावर आलेली. मधल्या ओळीत दोन जागा रिकाम्या होत्या. बाजूलाच शत्रुघ्नची खुर्ची होती.

“हो,” ती म्हणाली. “मीच दिली. दोन.”

डॉक्टर आणखी काही विचारणार होते. ते थांबले, मान हलवली आणि नर्सला मशीन लावायला सांगितलं. त्या दिवशी शत्रुघ्न वाचला.

रविवारी क्षितिजा नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून गासला आईबाबांकडे आली. नेहमीप्रमाणे बापाचं सामान तिने ओट्यावर मांडलं. औषधं, मोजून आणलेली डाळ, दिवाळीपासून सुरू केलेलं बीपीवाल्यांचं महागडं मीठ. मग ती अंगणात गेली. केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधून ठेवलेली सुकेळी तिने पुड्यांसकट खड्ड्यात टाकली. दोन गडी बोलावून विहिरीमागचं राजेळीचं बेट खणायला लावलं. विहिरींना खारं पाणी लागल्यापासून आळीतल्या बाकीच्या राजेळी केव्हाच गेल्या होत्या. हे एकच बेट उरलं होतं. रंभा त्याला नळाचं पाणी घालून जगवत होती.

“एक पील तरी ठेव, बाय. त्यातून परत बेट धरेल.”

“एकही नको. तुझ्या सुकेळ्यांपायी बाबा जात होते, आई. कळतंय का तुला?”

उपटलेल्या गड्ड्यांतून पाणी गळत होतं. संध्याकाळपर्यंत तिथं नुसती उकरलेली माती राहिली.

क्षितिजा गेल्यावर शत्रुघ्नने विचारलं, “खोटं कशाला बोललीस?”

“बोलले. काय झालं?”

“मी खाल्ली नाय, रंभा.”

“हो तर. कावल्यांनी येऊन चटईवरची नेमकी दोनच उचलली.”

“देवाशपथ नाय.”

“लग्नाच्या वर्षी पन देवाशपथच घेतली होती. सासूबाईंनी मला धरलं, नवी सून चोरून खाते म्हनून. मी गप ऐकून घेतलं. आनि तुमच्या मिशीला चिकटलेलं होतं.”

शत्रुघ्नला हसू आलं. हसताना त्याला धाप लागली. “तेव्हा खाल्ली होती. आता नाय.”

“बरं, नाय तर नाय. जेवा.”

त्याने आमटीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “कडू लागते ही. रोजच लागते.”

“जीभ कडू झालीय तुमची. लेक निवडून निवडून आनते, ते गोड मानून खावा.”

तो गोड मानून खात राहिला.

पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा माणिकपूरला आणलं, तेव्हा तो रिक्षातच बेशुद्ध झाला होता. या वेळी मशीन लावेपर्यंत हृदय थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. डॉक्टर बाहेर आले. हातातल्या रिपोर्टवरून त्यांची नजर हटत नव्हती.

“मागच्यापेक्षा जास्त आहे. पुन्हा केळं?”

“घरात केळीचं पानसुद्धा नाही,” क्षितिजा रडत म्हणाली. “मी मुळासकट काढलंय, डॉक्टर.”

“भाज्या?”

“उकळून, पाणी फेकून. तुम्ही सांगितलं तशाच.”

“नारळपाणी?”

“नाही.”

“मीठ कुठलं वापरता?”

“साधं नाही. लो सोडियम. मी स्वतः आणून देते.”

डॉक्टर बाकावर बसले.

“त्यातलं सोडियम कमी करून पोटॅशियम घालतात,” ते हळू म्हणाले. “बीपीला चालतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विष आहे. त्याची चव कडसर असते. ते काही बोलले नाहीत कधी?”

क्षितिजाने आईकडे पाहिलं.

“मागच्या वेळीच मी मीठ विचारणार होतो,” डॉक्टर रंभाकडे वळले. “पण तुम्ही सांगितलंत, दोन सुकेळी दिली. मग पुढं विचारायचं राहिलं.”

रंभाने पडद्याकडे पाहिलं.

“मी नव्हती दिली,” ती म्हणाली. “मला वाटलं, यांनीच खाल्ली. चारचौघांत पोर यांना बोलली असती.”