मनगटावरचं नाव

जत्रेत गोंदण उडवून देणाऱ्या शेवंताच्या पालात हौसाबाईंनी हात पुढे केला. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून मनगटावर 'सुमन' गोंदवलं होतं. ते त्यांना कधी आपलं वाटलंच नव्हतं.

"दुखंल का गं?"

"मुंगी चावल्यागत, मावशी." शेवंतानं विजेरीएवढं लेझर टेकवलं. "आत रंगीत स्फटिक हाय. त्यो उजेड पीत ऱ्हातो. पोट भरलं की आपसूक काचंगत आरपार हुतो आन् सगळा उजेड एकदम सुटतो. शाईचा भुगा!"

टक्‌टक् आवाज झाला आणि अक्षरं विरून गेली.

शेजारी बसलेले त्यांचे यजमान, म्हादूअण्णा, बावरले. "आता तुला हाक कशी मारू?"

"आईबापानं ठेवलेल्या नावानं. मारून तर बघा."

अण्णा लाजले, खाकरले. "हौसा!"

बाईंनी अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओ दिली.