पहिल्या वर्षीची कॅसेट

“परत बोल. काळजी.”

“कालजी.”

“या अल्ला! अरे, जीभ जरा मागे वळव ना!” त्याच्या आईने, रईसाने टेप थांबवला.

मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या घरात अरहम दहा दिवस आपल्या मेलेल्या बापाची बोली शिकत होता. सव्वीस वर्षांचा घोडा, सोहारच्या कारखान्यात इंजिनियर. जन्म मस्कतचा, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं. आवाज मात्र हुबेहूब बापाचा, नबीलचा.

नबीलला जाऊन चाळीस दिवस झाले होते. दफनही इथेच झालं. रत्नागिरीकडे गावात त्याच्या आईला कुणी कळवलं नव्हतं. म्हातारीचे डोळे गेलेले, हृदय नाजूक. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर जुम्म्याला तिचा लेकाशी फोन ठरलेला. घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायची मनाई आहे, अशा थापा रईसा मारत होती. शेवटी म्हातारीने हट्टच धरला. लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणाली.

मग रईसाने ट्रंकेतून कॅसेट काढली. ओमानला आल्यावर पहिल्याच वर्षी नबीलने ती गावी पाठवली होती. तेव्हा लोक पत्राऐवजी असं बोलून पाठवायचे. लग्नानंतर रईसाने ती जपून सोबत आणली होती.

“पप्पा इतकं छान बोलायचे?” अरहमने विचारलं.

“तेव्हा बोलायचे. मग दिवसभर अर्बाबशी, त्या मालकाशी अरबी, कामगारांशी हिंदी. जीभच बदलली.” रईसाला रडू आवरेना. “पण दादीला फोन ते बाहेरूनच करायचे, तिच्याशी अजून असंच बोलत असणार. तिच्या कानात हाच नबील आहे. यल्ला, परत बोल.”

जुम्म्याची नमाज झाल्यावर अरहमने फोन लावला.

“आई गो, मी नबील. घसा बरा झालाय. काळजी करू नको. आधी गोळी घे बघू.”

एकही ळ घसरला नाही. रईसाने ओढणीने तोंड दाबून धरलं.

पलीकडे गोळीचं पाकीट वाजलं. पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“घेतली,” म्हातारी म्हणाली. “किती गोड बोललास रे बाळा. माझ्या नबीलच्या तोंडून असं ऐकायला मी वीस वर्षं आसुसले होते. तो शेवटपर्यंत कालजीच म्हणायचा. अरहम, कधी गेला रे तुझा बाप?”