चौथा बांबू

चौथा बांबू गच्चीवर उभा राहिला तेव्हा सोसायटीच्या चेअरमननी खालूनच विचारलं, की झेंडावंदन किती वाजता आहे. गोपाळकृष्ण करंदीकरांचं लक्ष वर होतं. तांब्याची तार ताणून त्यांनी शेवटची गाठ मारली.

तार पुण्याच्या बिबवेवाडीत होती, पण तिचा रोख अंटार्क्टिकाकडे होता. तिथल्या भारतीय तळावर त्यांचा मुलगा अनंत होता. रोज दुपारी चारला तळावरची माणसं हौशी रेडिओवाल्यांसाठी सेट लावून बसतात, असं करंदीकरांना रेडिओ क्लबात कळलं होतं. त्यांच्याकडे परवाना होता, स्वतः जोडलेला सेट होता, पाठीशी तारखात्यातली तीस वर्षं होती. नव्हता तो फक्त पल्ला. पाच महिने जवळजवळ रोज हाक मारत होते आणि कानात नुसती खरखर.

अनंत तिथे स्वयंपाकी म्हणून गेला होता. निघताना करंदीकर दारात म्हणाले होते, "पोळ्या लाटायला जातोयस ना? मग परत तोंड दाखवू नकोस." सोसायटीत मात्र मुलगा शास्त्रज्ञ म्हणून गेलाय असं सांगून मोकळे झाले. आता तळावरचं वर्ष संपल्यावर तो पुण्याला येतो की परस्पर दुसरीकडे जातो, या धास्तीने त्यांची पत्नी कुसुमताई पार खचल्या होत्या. त्यातूनही टोमणा चुकत नसे. अहो, तुमचा आवाज मंडईपर्यंत तरी पोचतो का, ते एकदा जाऊन विचारून या, म्हणायच्या.

करंदीकरांनी तार लांबवली, सगळे सांधे नव्याने डाख देऊन पक्के केले, बांबूवर बांबू चढवले. खरखर तशीच. माणूस 'एक, दोन, तीन' तरी किती दिवस म्हणणार? पलीकडे कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर त्यांची जीभ सैल सुटली. दार लावून घ्यायचे आणि मनात येईल ते बोलायचे. आधी भेंडीचा भाव, मग चेअरमनचा आगाऊपणा, आणि मग हळूच ती शास्त्रज्ञाची थाप. तुझ्या आमटीला मुद्दाम नावं ठेवायचो रे अनंता, ओव्हर. हे त्याच्या तोंडावर सांगायची त्यांची जन्मात छाती झाली नसती.

गुरुवारी वीज जायची, त्यामुळे त्या दिवशी सेट झाकलेला असे. पण चौथा बांबू चढला तो नेमका बुधवारी, आणि करंदीकरांना दम निघेना. तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या श्यामसुंदरने दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या गॅरेजमधून ट्रकची बॅटरी आणून दिली. वीज नसल्याने त्याची गिरणी बंदच होती, आसपासचे पंखे आणि पाण्याचे पंपही बंद होते.

चारला करंदीकरांनी हेडफोन चढवला आणि दचकलेच. खालच्या गिरणीबरोबर कानातली खरखरही थांबली होती. सेट बिघडला की काय म्हणून त्यांनी दोनदा बटणं तपासली. मग हाक मारली आणि वाट पाहिली.

"बाबा."

दहा हजार किलोमीटर! एवढा समुद्र, एवढं बर्फ ओलांडून पोराचा आवाज कानाशी आला होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. करंदीकरांनी हाताच्या खुणेने कुसुमताईंना बोलावलं आणि हेडफोनचा एक कान त्यांच्या कानाला लावला. दोघंही खिडकीतून त्या बारीकशा तारेकडे बघत राहिले. तारेत असलं काही असू शकतं, हे तीस वर्षं तारखात्यात काढूनही करंदीकरांना खरं वाटेना.

मग त्यांनी घसा खाकरला, ताठ बसले आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "अनंत, चौथा बांबू लावला, म्हणून आज कुठे माझा आवाज तिथवर पोचला. नीट येतोय ना? ओव्हर."



"बाबा, तुमचा आवाज पहिल्या दिवसापासून येतोय. मी रोज उत्तर देतो, तुम्हालाच ऐकू जात नव्हतं. तुम्ही रडायला लागलात, की मी बाकीच्यांना खोलीबाहेर पाठवतो. ओव्हर."