चारी बाजूंनी भोकं

रायफलचा धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावतात; बारुदाचा वायू त्याच्या भोकांतून सुटतो. केजच्या नेमबाजी क्लबचे अध्यक्ष माणिकराव तो निवडायला बसले होते आणि सायलीचं डोकं उठलं होतं.

"काका, खालून भोकं नकोत. मी पालथी पडून मारते. खालून वायू सुटला की माती डोळ्यांत जाते. निवड चाचणीत दुसरी गोळी मारू कशी?"

"अगं पोरी, किंमत तीच, अन् ह्याला भोकं चारी बाजूंनी हायत!"

तोच ब्रेक बसला. उद्‌घाटनाला माणिकराव स्वतः पालथे पडले. बार झाला आणि कडक इस्त्रीसकट ते धुळीत गडप झाले. आता तरी पटेल, म्हणून सायलीला हायसं वाटलं.

डोळे चोळत, खोकत ते उठले. "बघितलं का, कसली ताकद हाय! सगळ्या रायफलींना हेच बसवा!"