निघण्याआधी घटकाभर

रशियातल्या वोलोग्दा शहराच्या चित्रदालनात राखणदारी करणारी झिनाइदा आज नोकरी सोडून कायमची लेकीकडे निघाली होती. जाता जाता ती आपल्या लाडक्या चित्रासमोर थांबली. हातावर कोट टाकून रिकाम्या स्टुलाशेजारी उभी असलेली गवंडीण. काय तो रुबाब! चित्रकाराने तिच्या हातांवरच्या भेगा लपवल्या नव्हत्या, म्हणूनच ती राणीसारखी दिसायची.

"हिला सांभाळ गं," झिनाइदा म्हणाली.

"तुझी गवंडीण कुठे पळून जातेय?" सोबतीण रईसा हसली. "तू आधी बस बघू. प्रवासाला निघणाऱ्याने घटकाभर गप्प बसायचं असतं."

झिनाइदा खुर्चीवर टेकली. तिने डोळे मिटले.

उघडले, तेव्हा चित्रातली बाई स्टुलावर बसली होती. कोट अंगात होता, आणि बटणं गळ्यापर्यंत लावलेली.